घरी मराठी वाचायला शिकवायचंय, पहिली पुस्तकं कोणती घ्यावीत? (बजेट ७०० रुपये)

अनगोळची_आई
नमस्कार. मुलगी सहा वर्षांची, इंग्रजी माध्यमात पहिलीला आहे. शाळेत दुसरी भाषा कन्नड. घरात सगळं बोलणं मराठीत, पण मराठी वाचन शाळेत नाहीच, म्हणून ते घरी करायचं ठरवलंय. कन्नड अक्षरं आणि कागुणित (कन्नड बाराखडी) तिला चांगलं येतं. देवनागरीतली मात्र स्वतःच्या नावातली अक्षरं सोडली तर काहीच ओळखीचं नाही.

दुपारी सासूबाई तिला अर्धा तास घेऊन बसतील. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

सगळं मिळून ७०० रुपये खर्च करता येतील. मोबाइल किंवा टॅबवरचं काही नको. बेळगावात मिळणारं किंवा पोस्टाने येणारं सांगा. आधी अंकलिपी घ्यावी की थेट गोष्टींची पुस्तकं?

टिळकवाडी_वाचक
ताई, थेट चित्रपुस्तकं घ्या. ज्योत्स्ना प्रकाशनाची घ्या, डोळे झाकून. कागद जाड असतो, चित्रं नीट काढलेली असतात आणि भाषा मुलांच्या बोलण्यातली असते. आमच्या कपाटात त्यांची तीसेक आहेत, एकाचीही शिवण सुटलेली नाही. दोन-तीन आणून काही होत नाही. मुलाला निवडायला मिळालं पाहिजे, म्हणून एकदम वीस-पंचवीस घ्या. दोन-अडीच हजारांत छान संच होतो. पुस्तकावर पैसे वाचवू नयेत.

निपाणी_वेस
बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घ्या, विषय संपला. ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. छापील हवं असेल तर कोल्हापूरला बालभारतीचं भांडार आहे. निपाणीहून जेमतेम चाळीस किलोमीटर, तुम्हाला बेळगावहून शंभराच्या वर पडेल. कोणी जाणारं-येणारं असेल तर सांगून ठेवा. पाठ्यपुस्तक असल्यामुळे किंमतही कमी असते.

वडगाव_झेरॉक्स
पीडीएफ फुकट असली तरी छपाई फुकट नाही. पहिलीचं पुस्तक पूर्ण रंगीत आहे. रंगीत प्रिंटला पानामागे दहा रुपये धरले तर छापील पुस्तकापेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि ब्लॅक अँड व्हाइट काढलं तर रंगीत पट्ट्यावरची अक्षरं करड्यात बुडतात. पीडीएफ फक्त बघायला ठेवा, पुस्तक छापीलच आणा.

शहापूर_पेठ
अंकलिपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगते. दुकानात मिळते ती प्रत्येक अंकलिपी मराठीची असेलच असं नाही. दिल्लीकडच्या छपाईचे तक्ते आणि पुस्तकं इकडे भरपूर येतात. घेण्याआधी हे बघा.

ळ आहे का? हिंदी तक्त्यात तो नसतो. ड आणि ढ खाली टिंब देऊन छापलेले असतील तर ते हिंदीचं पुस्तक आहे, परत ठेवा. ॲ आणि ऑ आहेत का? बॅट, ऑटो हे शब्द मुलं रोज बोलतात. ल पाकळ्यांचा हवा. हिंदी टाइपात ल ला उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल ठरवलेला आहे. ख चा पाय जोडलेला असावा, नाहीतर मूल 'रव' वाचतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांकडे बघा. छपाई फिकट असेल तर यांतला फरक दिसतच नाही.

वर्षभरापूर्वी घेतलेल्या एका अंकलिपीत ङ च्या जागी नुसता ड छापला होता आणि दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. म्हणून घेताना तिथेच उघडून बघा.

टिळकवाडी_वाचक
ल पाकळीचा की दंडाचा याने काय फरक पडतो? मोठेपणी दोन्ही वाचता येतात. मुलांना गोष्ट महत्त्वाची.

शहापूर_पेठ
मोठेपणी येतात, कबूल. पण पहिल्या दोन महिन्यांत एका अक्षराचे दोन आकार समोर आले की मूल तिथे थांबतं, आणि थांबलं की अंदाजाने वाचायला लागतं. ती सवय मोडायला फार वेळ जातो. सुरुवातीला एकच आकार दाखवा. दुसरा पुढे आपोआप कळतो.

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षं घेतले, त्यावरून लिहितो.

पुस्तक कोणतंही घ्या, पण अक्षरांचा क्रम तुमच्या हातात ठेवा. अ ते ज्ञ सरळ जाऊ नका. त्या वाटेने गेलं की बावन्न अक्षरं पाठ होतात, पण एकही वाक्य वाचता येत नाही आणि मूल कंटाळतं. पाच-पाच अक्षरांचे गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक स्वरचिन्ह द्या.

पहिला गट: क, म, ल, र, प आणि काना. एवढ्यावर काका, मामा, लाल, मका, कप, काम, काल, पाल, कमल, माल हे शब्द होतात.

दुसरा गट: न, त, स, ग, ब आणि दुसरी वेलांटी. आता काकी, मामी, बस, साप, पान, बाग, नाग, तारा, मासा, सागर.

ही दहा अक्षरं आणि दोन चिन्हं आली की 'मामा मका कापतात. काकी सरबत करतात.' ही वाक्यं मूल स्वतः वाचतं. अर्थ असलेलं खरं वाक्य आहे, आपल्या शेतातलं आणि घरातलं. बिनकान्याच्या शब्दांतच महिनाभर अडकवून ठेवलं तर अशी वाक्यं होत नाहीत, ओढूनताणून केलेली होतात. म्हणून काना पहिल्या दिवसापासून.

तिसऱ्या गटात आ, ई, ह, च, ज आणि एक मात्रा. चौथ्यात घ, द, ड, ट, व आणि पहिला उकार. ळ आणि ण लवकर घ्या. पाणी, बाळ, शाळा, केळं हे शब्द त्यांच्याशिवाय होत नाहीत. ङ आणि ञ वाचायला लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल, शेवटी एकदा दाखवा. पहिल्या वेलांटीला घाई करू नका, ती डाव्या बाजूला बसते आणि मुलं गोंधळतात.

एका गटाला आठवडा ते दहा दिवस. मागच्या गटातले दहा शब्द न अडखळता आले तरच पुढे.

कार्ड घरीच करा. आयव्हरी कागदाच्या ए-४ शीटचे आठ भाग करा, पत्त्यापेक्षा थोडं मोठं कार्ड होतं. जाड काळ्या मार्करने लिहा. अक्षर कार्डभर मोठं, आजींनाही दिसेल. मागच्या बाजूला चित्र काढू नका. मूल चित्र बघून शब्द सांगतं आणि आपल्याला वाटतं वाचलं.

गणपत_गल्ली_जुनी
गुरुजी, मान ठेवून सांगतो, बाराखडी पाठ झाल्याशिवाय वाचन पक्कं होत नाही. क का कि की कु कू सुरात म्हटलं की जन्मभर डोक्यात राहतं. आता गट पाडतात, कार्ड करतात आणि चौथीतल्या मुलाला 'कौ' आणि 'को' वेगळं वाचता येत नाही.

मलप्रभाकाठ
सुरात म्हणण्याला माझा विरोध नाही. म्हणू दे रोज. पण म्हणणं आणि वाचणं ही दोन कामं आहेत. तपासायचं असेल तर बाराखडीच्या ओळीत मधेच बोट ठेवून विचारा, 'हे कोणतं?' जे मूल पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येतं त्याला बाराखडी पाठ आहे, वाचता येत नाही.

कागुणित_बाराखडी
यात एक महत्त्वाचं राहिलं. ताईंची मुलगी आधी कन्नड वाचायला शिकली आहे. त्यामुळे कोऱ्या पाटीवरून सुरुवात नाही. काही गोष्टी आयत्या मिळतील, काही आडव्या येतील.

आयत्या मिळतील त्या: क ख ग घ ङ चा क्रम तोच. काना, वेलांटी, उकार ही कल्पना तीच. ऱ्हस्व-दीर्घही कन्नडात कडकपणे पाळतात, त्यामुळे तिचा कान तयार आहे.

आडव्या येतील त्या अशा. कन्नडात लिहिलेल्या शेवटच्या अक्षरातला अ उच्चारतात. 'मर' लिहिलं की शेवटचा र पूर्ण म्हणायचा. ती सवय घेऊन मूल मराठीत 'घर' हा शब्द 'घरऽ' वाचतं आणि 'कापतात'चा शेवटही ओढतं. चूक म्हणून ओरडू नका. 'घर असं आपण कसं म्हणतो?' एवढं विचारलं की स्वतः दुरुस्त करतं, कारण शब्द तोंडात आहेच.

दुसरं, पहिली वेलांटी. कन्नडात इकार अक्षराच्या अंगातच वर लागतो. देवनागरीत चिन्ह आधी दिसतं आणि ऐकू नंतर येतं. 'कि' वाचताना बोट क वर ठेवून मग वेलांटीकडे न्यायला शिकवा.

तिसरं, जोडाक्षर. कन्नडात पहिलं अक्षर पूर्ण असतं आणि दुसरं खाली ओत्तक्षर म्हणून लटकतं. आपल्याकडे उलट, पहिलं अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. म्हणून 'गल्ली', 'पक्का', 'कच्चा', 'दिल्ली' असे एकाच अक्षराचे जोड आधी घ्या. त्यात कोणतं अर्धं हा प्रश्नच येत नाही. मग स्त, म्ह, न्ह. रफार आणि दऱ्या, सुऱ्या यांतला र सगळ्यात शेवटी.

चौथं, कन्नडात ए आणि ओ यांचे आखूड-लांब असे दोन-दोन प्रकार लिहितात. मराठीत एकच. ती विचारेल, एकदा सांगून टाका.

पाचवं, चमचा आणि चार यांतला च. उच्चार दोन, अक्षर एकच. कन्नडात फक्त चार मधला च आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला हे शब्द येतातच, त्यामुळे सांगत बसायची गरज नाही. पण पुस्तकात अनोळखी शब्द आला तर ती कन्नडातला च वाचेल. तुम्ही नुसतं म्हणून दाखवा.

पुस्तकाचं म्हणाल तर एकच गोष्ट दोन्ही भाषांत असलेली घ्या. चेन्नईच्या तुलिकाची पुस्तकं कन्नड आणि मराठी दोन्हींत निघतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातलीही बरीच अनेक भाषांत आहेत, आणि स्वस्त आहेत. कन्नडात वाचलेली गोष्ट मराठीत समोर आली की अर्थ शोधायचा राहत नाही, सगळं लक्ष अक्षराकडे जातं.

हिंडलगा_रोड
गूगलचं रीड अलाँग लावून द्या. मराठी आहे, मूल वाचतं तसं ते ऐकतं, अडलं की शब्द म्हणून दाखवतं. फुकट आहे. आमच्याकडे त्यावरच झालं सगळं.

अनगोळची_आई
मोबाइल नको असं वर लिहिलंय दादा.

हिंडलगा_रोड
बघा तुमचं. दिवसाला पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. पुस्तकात चूक झाली तर सांगणार कोण?

शहापूर_पेठ
आजी सांगतील की. शेजारी बसलेत ना.

उचगाव_वेशीवर
बालभारतीचं पहिलीचं पुस्तक बघा, पीडीएफ फुकट मिळते.

निपाणी_वेस
हे मी वरच लिहिलंय.

उचगाव_वेशीवर
मग बरोबरच आहे. आणखी एक सांगतो. बालभारती अमराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीचं वेगळं पुस्तक काढते. ते सोपं म्हणून घेऊ नका. ज्याला मराठी बोलताच येत नाही त्याच्यासाठी ते असतं. घरी मराठी बोलणाऱ्या पोरीला 'हा माझा हात' वाचून कंटाळा येईल. मराठी माध्यमाचंच घ्या. आपल्या कर्नाटकातल्या मराठी शाळांसाठी कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीचीही मराठी पुस्तकं आहेत, तीही साइटवर उतरवून घेता येतात. तिकडे महाराष्ट्रात बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तकं काढते, ती जत-अक्कलकोटच्या शाळांत चालतात. दोन्हीकडच्या मुलांची सोय दोन्हीकडे आहे, शोधलं पाहिजे.

सीमाभाग_ठाम
सोय कसली? दुकानाच्या पाट्यांवर मराठी शोधावं लागतं इथे. मुलं वाचणार काय रस्त्यावर? आधी त्याचं बोला.

गणपत_गल्ली_जुनी
खरं आहे. बसवरचे फलक बघा.

ॲडमिन
पाट्या आणि सीमाप्रश्न यांना वेगळा धागा आहे, तिथे लिहा. इथे मुलांची पुस्तकं.

वडगाव_झेरॉक्स
मूळ प्रश्नाकडे. ७०० रुपयांत जास्तीत जास्त वाचायला हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवरून गोष्टी उतरवून छापा. परवाना खुला आहे, छापायला हरकत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. पातळ्या चार. पहिलीत अडीचशे शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीत अडीचशे ते सहाशे. तुम्हाला फक्त पहिली बघायची आहे.

पण पहिली पातळी म्हणजे अक्षरं सोपी, असं समजू नका. ती पातळी शब्दसंख्या आणि गोष्टीच्या सोपेपणावर ठरते. 'स्वच्छ', 'विद्यार्थी', 'आश्चर्य' असले शब्द पहिल्या पातळीतही सापडतात. भाषांतरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली आहेत, काही सुंदर आहेत, काही वाचवत नाहीत. म्हणून आधी स्वतः पूर्ण वाचा आणि प्रकाशक म्हणून प्रथम बुक्सचं नाव असलेली आधी बघा.

छापताना काय बिघडतं ते सांगतो. लोक बुकलेट छपाई मागतात. ए-४ चं पान अर्ध्यावर आलं की अक्षर सत्तर टक्क्यांवर येतं, म्हणजे २४ पॉइंटचं १७ होतं. तुमच्या सासूबाईंना ते चालणार नाही. शिवाय बऱ्याच गोष्टींची पानं आडवी असतात, ती बुकलेटमध्ये आणखी बारीक होतात आणि वरखाली कोरी जागा सुटते. तुम्ही पूर्ण ए-४ आडवं, एका कागदावर एकच पान, एकाच बाजूला छापून घ्या. मागचं कोरं पान पोरीला चित्र काढायला. डाव्या कडेला तीन पिना मारा आणि पिनांवर कापडी टेप लावा, नाहीतर बोटाला लागतात.

ब्लॅक अँड व्हाइट एका बाजूला दोन रुपये धरा. बारा पानांची गोष्ट चोवीस रुपयांत. मात्र अक्षरं पांढऱ्या जागेत असलेल्या गोष्टीच निवडा. चित्रावर छापलेला मजकूर काळ्या-पांढऱ्यात वाचता येत नाही.

टिळकवाडी_वाचक
करड्या झेरॉक्सवर मुलांना पुस्तकाची गोडी कशी लागणार? रंग, कागदाचा वास, पान उलटणं, हे सगळं वाचनातच येतं. निदान पाच तरी खरी पुस्तकं घ्या.

वडगाव_झेरॉक्स
रेषेची चित्रं असलेली गोष्ट निवडली तर मूल स्वतः रंगवतं. स्वतः रंगवलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा उघडतं. खरी पुस्तकं नकोत असं मी म्हटलेलं नाही, बजेट ७०० आहे एवढंच म्हणतोय.

येळ्ळूरचा_माळ
विकत कशाला? सार्वजनिक वाचनालय आहे की. १८४८ पासूनची संस्था, बेळगावात राहून तिथे गेला नाहीत तर काय? बालविभागाची चौकशी करा. आणि हिवाळ्यात येळ्ळूर, कडोली, उचगाव, कारदगा इथे साहित्य संमेलनं होतात, तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात. पुस्तक हातात घेऊन बघता येतं आणि सवलतही मिळते. पोस्टाने मागवलं की पातळ पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त होतो. मागवायचंच असेल तर दोन-तीन घरं मिळून एकदम मागवा.

मलप्रभाकाठ
स्टॉलवर पुस्तक कसं बघायचं ते सांगतो, कारण मुखपृष्ठ बघून घेतलेली निम्मी पुस्तकं पहिल्या वर्षी वाचताच येत नाहीत.

मधलं पान उघडा. पहिल्या पानावर सगळेच सोपं लिहितात. एका पानावर एक किंवा दोन ओळी, आठ-दहा शब्द. जोडाक्षरं मोजा, पानावर एकापेक्षा जास्त नकोत. ओळीच्या शेवटी शब्द तोडून खाली नेला असेल तर ते पुस्तक नको. शब्दांमधली मोकळी जागा स्पष्ट हवी. 'रु' आणि 'रू' बघा, त्यांचा उकार खाली न लागता बाजूला लागतो. छपाई बारीक असेल तर दोन्ही सारखेच दिसतात. अनुस्वाराचं टिंब ठळक हवं. आंबा, अंडं, कांदा, सगळं टिंबावर आहे.

वाक्य पुन्हा पुन्हा येणारं पुस्तक मिळालं तर सोडू नका. प्रत्येक पानावर तेच वाक्य आणि एकच शब्द बदलतो, अशी रचना सुरुवातीला फार उपयोगी पडते. मात्र दोन दिवसांनी चित्र हाताने झाकून वाचायला सांगा. पाठ झालंय की वाचतंय ते लगेच कळतं.

कागुणित_बाराखडी
आणि एक पुस्तक फुकटात होतं. साधी चौकोनी वही घ्या. रोज मुलगी जे बोलेल त्यातलं एक वाक्य तिच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहा, तारीख टाका. 'आज्जीनं भाकरी केली.' 'मांजर पळालं.' दुसऱ्या दिवशी आधी कालचं वाचायचं, मग नवीन. वाक्य तिचंच असल्यामुळे अर्थाचा प्रश्न नाही. तीस पानं भरली की तिचं पहिलं पुस्तक तयार.

गणपत_गल्ली_जुनी
ती बोलेल तसंच लिहायचं? आपल्याकडची मुलं 'व्हय', 'आलंय की' असं बोलतात. वहीत तेच लिहिलं तर शुद्ध मराठी कधी येणार? प्रमाणभाषाच लिहा.

कागुणित_बाराखडी
तोंडात आहे तेच कागदावर दिसलं पाहिजे, तेव्हाच मुलाला कळतं की लिहिलेलं म्हणजे बोललेलं. तुम्ही सुधारून लिहिलं तर ती आपलं वाक्य म्हणेल आणि कागदावर दुसरंच असेल, बोट आणि आवाज जुळणारच नाही. छापील पुस्तकात प्रमाणभाषा आहेच, ती तिथून येईल.

मलप्रभाकाठ
या बाबतीत मी कागुणित यांच्या बाजूने आहे. पहिलं वर्षभर तिचीच भाषा लिहा.

गणपत_गल्ली_जुनी
मला पटत नाही. लहानपणी बसलेलं जात नाही.

कडोली_संध्याकाळ
मात्रा लाल आणि अक्षर काळं, अशी कार्डं विकत मिळतात, ती आणा. आमच्याकडे आहेत, पटकन लक्षात राहतं.

शहापूर_पेठ
सुरुवातीला लक्षात राहतं, पण पुस्तकात मात्रा लाल नसते. पहिला आठवडा रंगीत चालेल. त्यानंतर तोच शब्द काळ्यात लिहून वाचता येतो का बघा. महिनाभर रंगातच ठेवलं तर मूल रंग वाचतं.

अनगोळची_आई
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचून काढलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. आमचं ठरलं ते लिहिते.

अंकलिपीच घेतोय. तुमच्यापैकी बहुतेकांनी नको किंवा नंतर म्हटलंय, पण विचार असा. मुलीला कन्नड कागुणित येतं. क का कि की ही ओळ तिच्या डोक्यात आधीपासून आहे, फक्त आकार नवे आहेत. कन्नड ओळीखाली मराठी ओळ ठेवली की तिला जोडी लावता येईल. आणि शिकवणार सासूबाई आहेत. त्यांना बाराखडीचीच पद्धत येते. गटांची पद्धत मी संध्याकाळी सांगायची आणि त्यांनी दुपारी करायची, असं केलं तर त्यांचाही गोंधळ होईल आणि पोरीचाही. त्यांना आत्मविश्वास आहे त्याच वाटेने जाऊ दे.

अंकलिपी दोन घेतल्या, गणपत गल्लीत, शहापूरताईंची यादी हातात धरून. ळ आहे, ॲ आहे, ल पाकळीचा आहे. दोन्हींचे मिळून ऐंशी रुपये. एक वाचायला, दुसरी कापून कार्डं करायला. आयव्हरी कागद आणि मार्कर सत्तर रुपये. स्टोरीवीव्हरवरच्या पाच गोष्टी पूर्ण ए-४ मध्ये काळ्या-पांढऱ्या छापतेय, एकशेवीस होतील. त्यातल्या दोन तिने शाळेत कन्नडातून ऐकलेल्या आहेत. रंगीत पुस्तकं दोनच, दोनशेच्या आत. उरलेले संमेलनातल्या स्टॉलसाठी ठेवते. बालभारतीचं पुस्तक दिवाळीनंतर बघेन. बोलण्याची वही आजपासून सुरू, तिच्या भाषेत.

टिळकवाडी_वाचक
दोन पुस्तकांवर कसं भागेल? आमच्याकडची पाच-सहा न्या वाटल्यास, वाचून परत करा.

निपाणी_वेस
बालभारती दिवाळीनंतर कशाला? आत्ताच घ्या.

मलप्रभाकाठ
अंकलिपी घेतलीच आहे तर एवढं करा. अ पासून सुरू न करता प फ ब भ म या ओळीपासून करा. आकार सोपे आहेत, ओठांनी म्हणायची अक्षरं आहेत, म्हणताना दिसतात. मग त थ द ध न. या दहा अक्षरांना काना लावला की बाबा, मामा, नाना, पान, दादा, मान, दात, भात एवढं लगेच होतं, बाराखडी मोडावी लागत नाही. भ आणि म एकाच दिवशी देऊ नका, मधे दोन दिवस जाऊ द्या. थ ही मागे ठेवा, य समोर आला की गोंधळ होतो.

वडगाव_झेरॉक्स
कापलेल्या कार्डांना लॅमिनेशन करणार असाल तर चकचकीत करू नका. ट्यूबलाइटखाली चमकतं आणि आजींना अक्षर दिसणार नाही. मॅट मागा, किंवा नुसतं आयव्हरीवर डिंकाने चिकटवा. फेव्हिकॉलचा पातळ थर लावा, जास्त लावला की अंकलिपीचा कागद सुरकुततो.

अनगोळची_आई
मॅट कुठे मिळेल? आमच्या इकडच्या दुकानात चकचकीतच आहे.

वडगाव_झेरॉक्स
मग नुसतं चिकटवा. दोन कार्डं खराब झाली तर वहीच्या पुठ्ठ्यावर पुन्हा लिहा.